शब्द स्त्रीचे, मुख पुरुषाचे

तापी नदी मुलताईच्या डोंगरात उगम पावते, खानदेशच्या काळ्या रानातून वाहत येते आणि सुरतेपुढे समुद्राला मिळते. तिच्या काठाकाठाने आणि पुढे नंदुरबार-अमळनेरच्या लोहमार्गाने खानदेशातील माणसे पोटासाठी सुरतेत आली. उधना, लिंबायत अशा वस्त्यांतून आज मराठी आणि अहिराणी सहज कानी पडते. माणसांबरोबर त्यांच्या हौशीही येतात, आणि मराठी माणसाच्या हौशींत नाटकाचा मान पहिला. सुरत शहर नाटकाला मुळीच परके नाही. कवी नर्मद येथलाच. १८६७ साली मोलिएरच्या प्रहसनाच्या इंग्रजी रूपांतरावरून ‘भटनुं भोपाळुं’ लिहिणारा नवलराम पंड्या येथलाच. ‘आगगाडी’ या नाटकाचे कर्ते चंद्रवदन मेहता यांचा जन्मही १९०१ साली येथेच झाला. पुढे आकाशवाणीच्या सेवेत नाव मिळविलेल्या या नाटककाराने स्त्रीची भूमिका स्त्रीनेच करावी असा आग्रह गुजराती रंगभूमीवर धरला होता.

हा आग्रह धरावा लागला, यातच एक मोठा इतिहास साठविलेला आहे. गुजराती रंगभूमीवर जयशंकर भोजक या नटाने १९०१ साली ‘सौभाग्य सुंदरी’ नाटकातील नायिका अशी उभी केली की ‘सुंदरी’ हेच त्याचे नाव होऊन बसले. मराठीत नारायणराव राजहंस यांनी, म्हणजे बालगंधर्वांनी, १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत पाऊल टाकले, आणि कुलीन घरच्या स्त्रिया त्यांच्याकडे पाहून लुगडे नेसण्याची तऱ्हा शिकू लागल्या. स्त्रीने कसे चालावे, कसे लाजावे, कसे रुसावे याचा वस्तुपाठ पुरुष देत होता आणि स्त्रिया प्रेक्षागृहात बसून तो घेत होत्या. त्या नटांच्या कलेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. ती कला असामान्यच होती. प्रश्न एवढाच, की ज्यांच्या सुखदुःखांवर नाटके रचली गेली, त्या स्त्रियांना स्वतः बोलण्याची जागा नाट्यगृहात कोठे होती? आजच्या भाषणात विचार करावयाचा आहे तो या जागेचा.

नाटकात तीन जागा महत्त्वाच्या. लिहिणाऱ्याची, भूमिका करणाऱ्याची, आणि सारा प्रयोग बसविणाऱ्याची. अमेरिकेत सूझन ग्लास्पेल नावाच्या लेखिकेने या तिन्ही जागांवर एकाच आयुष्यात काम केले. १८७६ साली जन्मलेली ही बाई प्रथम वृत्तपत्रात बातमीदार होती. १९१५ साली तिने पती जॉर्ज क्रॅम कुक व काही मित्र यांच्यासह मॅसॅच्युसेट्समधील प्रॉव्हिन्सटाउन या समुद्रकाठच्या गावी एक हौशी नाट्यमंडळ उभे केले. युजीन ओनीलसारखा थोर नाटककार याच मंडळातून पुढे आला. दुसऱ्याच वर्षी तिने ‘ट्रायफल्स’ ही एकांकिका लिहिली आणि तीत स्वतः भूमिका केली. एका शेतकऱ्याचा खून झाला आहे. अधिकारी पुरुष घरभर पुरावा शोधीत हिंडतात, आणि स्वयंपाकघरातल्या बायकी क्षुल्लक वस्तूंना हसतात. खरा पुरावा त्या क्षुल्लक वस्तूंतच असतो आणि तो दोन बायकांना सापडतो. १९३१ साली ‘ॲलिसन्स हाउस’ या नाटकासाठी तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले.

मराठी रंगभूमीवर असे एकच आयुष्य त्या काळी सापडत नाही. जे तिकडे एका स्त्रीने केले, ते इकडे व्हावयास तीन पिढ्या लागल्या, आणि त्या पिढ्यांतील एकेकीने एकेक जागा मिळविली. तसे का झाले, हे समजण्यासाठी हिराबाई पेडणेकर यांच्यापासून आरंभ करावा लागतो.

हिराबाईंचा जन्म १८८५ साली सावंतवाडीस, कलावंतिणीच्या घराण्यात झाला. बालपणीच त्या मुंबईस आल्या. गाणे घरचेच होते. त्यास त्यांनी वाचनाची आणि लेखनाची जोड दिली. कविता रचल्या, कथा लिहिल्या. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांना त्या गुरुस्थानी मानीत, आणि त्या काळातील नामांकित साहित्यिकांचा त्यांच्याशी परिचय होता. १९०४ साली, वयाच्या विशीच्या आतच, त्यांचे ‘जयद्रथ विडंबन’ हे नाटक प्रसिद्ध झाले. त्यानंतर त्यांनी ‘संगीत दामिनी’ लिहिले, आणि १९१२ साली केशवराव भोसले यांच्या ललितकलादर्श मंडळीने ते रंगभूमीवर आणले. धंदेवाईक मंडळीने स्त्रीचे नाटक करावे ही गोष्ट त्या काळी अपूर्व होती. मराठीतील आद्य स्त्री नाटककार म्हणून हिराबाईंचे नाव घेतले जाते ते यामुळेच.

परंतु त्या प्रयोगाचे चित्र क्षणभर डोळ्यांपुढे आणावे. नाटक स्त्रीने लिहिलेले. त्यातील नायिकेचे मन स्त्रीने जाणलेले. पदांना चाल लागली, ती गाण्याची जाण लेखिकेच्या घरातलीच. आणि रंगमंचावर ती नायिका कोणी व्हायचे? पुरुषाने. ललितकलादर्श मंडळीत, किर्लोस्कर मंडळीत, त्या काळच्या साऱ्याच नामांकित मंडळ्यांत स्त्रीपार्टी पुरुषच होते. गळा असलेल्या, शब्द असलेल्या, अभिनयाची उपजत समज असलेल्या लेखिकेने आपलेच शब्द पुरुषाच्या मुखातून ऐकावयाचे, एवढाच अधिकार तिला होता. शब्द स्त्रीचे, मुख पुरुषाचे!

आणि हा अधिकारही फुकट मिळाला नव्हता. कलावंतिणीच्या घरी येऊन साहित्यचर्चा करण्यात त्या काळच्या सुशिक्षितांना आनंद वाटे. परंतु त्याच बाईला आपल्या घरच्या मंडळीत मानाने बसविण्याची वेळ आली म्हणजे तो आनंद आटून जाई. हिराबाईंच्या बुद्धीचे कौतुक झाले. प्रतिष्ठा मात्र त्यांना मिळाली नाही. पुढे त्यांनी मुंबई सोडली आणि गुहागरजवळच्या पालशेत या गावी उरलेले आयुष्य काढले. १९५१ साली त्या तेथेच वारल्या. वसंत कानेटकर यांनी त्यांच्या जीवनावरून ‘कस्तुरीमृग’ हे नाटक लिहिले. जिवंतपणी त्यांचे शब्द पुरुषाने उच्चारले, आणि मृत्यूनंतर त्यांची कथाही पुरुषाच्या लेखणीतून उतरली. त्या नाटकाने एक विसरलेले नाव मराठी प्रेक्षकांना पुन्हा आठवून दिले, हे त्याचे ऋण मान्य करूनही ही गोष्ट मनाला लागल्याविना राहत नाही.

दुसरी लेखणी उचलली गेली ती याच तापीच्या खोऱ्यात. १९०७ साली, म्हणजे ज्या वर्षी सुरतेच्या मांडवात काँग्रेस दुभंगली त्याच वर्षी, टिळकांचे सहकारी कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘बायकांचे बंड’ हे नाटक आले. बंड करणाऱ्या बायकांना अखेर नमविणाऱ्या या नाटकास उत्तर दिले जळगावच्या गिरिजाबाई केळकर यांनी, आणि त्या उत्तराचे नाव ठेवले ‘पुरुषांचे बंड’. गिरिजाबाई प्रतिष्ठित घरच्या गृहिणी होत्या. जळगावात त्यांनी स्त्रियांना एकत्र आणण्याचे काम केले, निबंध लिहिले, नाटके लिहिली. १९२८ साली त्या नाट्यसंमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. हा मान मिळविणारी ती पहिली स्त्री. परंतु त्यांनीही रंगमंचावर पाऊल ठेवले नाही. ठेवते तर ज्या प्रतिष्ठेच्या बळावर त्यांना बोलता येत होते, तीच ढासळली असती.

येथे या इतिहासाचे मर्म हाती लागते. त्या काळच्या समाजाने स्त्रीची दोन शकले केली होती. जिच्याकडे कला होती तिला मान नव्हता. आणि जिला मान होता तिला कलेची मनाई होती. हिराबाईंपाशी गळाही होता आणि लेखणीही होती. परंतु त्यांचे घर ‘तसले’ ठरलेले. गिरिजाबाईंपाशी लेखणी होती आणि घरही होते. परंतु त्या घराचा उंबरठा नाट्यगृहाच्या रंगपटापर्यंत पोहोचत नव्हता. तेव्हा दोष कोणा एका नटाचा वा मंडळीच्या मालकाचा नव्हे. ही दोन शकले सांधली जाईपर्यंत तिन्ही जागांवर बसणारी स्त्री मराठीत निर्माण होणेच शक्य नव्हते.

या काळात रंगमंचावर प्रत्यक्ष उभ्या राहणाऱ्या स्त्रिया नव्हत्याच असे नाही. केवळ स्त्रियांच्या नाटक मंडळ्या निघाल्या होत्या. बेळगावकर स्त्री संगीत मंडळी, मनोहर स्त्री संगीत मंडळी अशांतून पुरुषांच्या भूमिकाही स्त्रियाच करीत. हा उलटा न्याय त्या काळच्या प्रेक्षकांस गंमतीचा वाटे, परंतु अंगमेहनतीने पोट भरणाऱ्या त्या बायकांची नावेदेखील आज फारशी कोणास ठाऊक नाहीत. त्याच वर्गात दुर्गाबाई कामत यांची गणना करावी लागेल. पतीपासून विभक्त झालेली ही बाई मुलीसह नाटकाच्या आश्रयास आली. १९१३ साली दादासाहेब फाळके यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’ या चित्रपटात दुर्गाबाई पार्वती झाल्या आणि त्यांची कोवळ्या वयाची मुलगी कमला मोहिनी झाली. भारतीय चित्रपटात स्त्रीचे मुख प्रथम दिसले ते या मायलेकींचे. गंमत अशी, की याच १९१३ सालात बालगंधर्वांनी आपली गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. म्हणजे कॅमेऱ्यापुढे स्त्री आली, तेव्हा नाट्यगृहात पुरुषाच्या स्त्रीरूपाचे वैभव शिगेला चढत होते.

त्या कमलाबाई पुढे रघुनाथराव गोखले यांच्या पत्नी झाल्या. ऐन तारुण्यात वैधव्य आले, पदरी तीन मुले. कमलाबाईंनी नाटकातच कष्ट केले आणि मुले वाढविली. त्यांचे चिरंजीव चंद्रकांत गोखले आणि नातू विक्रम गोखले यांना महाराष्ट्र ओळखतो. परंतु या नटांच्या कीर्तीखाली एका पणजीचा अपमान आणि एका आजीचे श्रम आहेत, हे ध्यानात ठेवणारे थोडे.

शकले सांधण्याचा पहिला मोठा यत्न झाला १ जुलै १९३३ रोजी. त्या दिवशी मुंबईत ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक सादर केले. नॉर्वेचा नाटककार ब्यर्नसन याच्या नाटकाचे हे श्री. वि. वर्तक यांनी केलेले रूपांतर. विवाहापूर्वीच्या शुद्धतेची अपेक्षा स्त्रीकडून करावयाची आणि पुरुषास मात्र सूट द्यावयाची, हा कोठला न्याय, असा त्यातील नायिकेचा सवाल. असा सवाल पुरुषाने स्त्रीवेषात विचारणे हास्यास्पद झाले असते. म्हणून ज्योत्स्ना भोळे आणि पद्माबाई वर्तक या सुशिक्षित घरांतील स्त्रियांनी त्यात भूमिका केल्या. विषयाने पात्र मागितले, आणि पात्राने शतकाची रूढी मोडली.

ज्योत्स्नाबाईंचा जन्म १९१४ साली गोव्यातला, माहेरचे आडनाव केळेकर. संगीत-दिग्दर्शक केशवराव भोळे यांच्याशी विवाह होऊन त्या नाटकात आल्या. १९४२ साली मो. ग. रांगणेकर यांच्या ‘कुलवधू’त त्यांनी भानुमतीची भूमिका केली. पत्नीची कीर्ती आणि कमाई पतीच्या डोळ्यांत सलू लागते, ही त्या नाटकाची गाठ. कुळाची वधू आणि रंगभूमीची कलावती या दोन गोष्टी एका देहात नांदू शकतात, हे त्या प्रयोगांनी घरोघरच्या प्रेक्षकांस पटविले. पुढे ज्योत्स्नाबाईंनी ‘आराधना’ हे नाटकही लिहिले. भूमिका करणारी स्त्री लेखणीकडे वळली, ही घडामोड लहान नव्हती.

तिसरी जागा मात्र अजून रिकामी होती. प्रयोग बसविणाऱ्याच्या हाती खरी सत्ता असते. कोणते नाटक घ्यावे, कोणी काय करावे, कोठे थांबावे, हे तो ठरवितो. ही सत्ता मराठी स्त्रीच्या हाती ठामपणे आली ती विजया मेहता यांच्या रूपाने. पूर्वाश्रमीच्या विजया जयवंत यांचा जन्म १९३४ साली सुरतेच्या उत्तरेस बडोद्यात झाला. इब्राहिम अल्काझी आणि आदी मर्झबान यांच्यासारख्या गुरूंकडे त्यांनी नाट्यशिक्षण घेतले. १९६० साली विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे आदी मंडळींसह त्यांनी मुंबईत ‘रंगायन’ची स्थापना केली. प्रॉव्हिन्सटाउनच्या मंडळाप्रमाणेच ही संस्था गल्ल्याकडे न पाहता नव्या लेखकाकडे पाहणारी होती. आयनेस्कोचे ‘खुर्च्या’, तेंडुलकरांचे ‘मी जिंकलो! मी हरलो!’, चिं. त्र्यं. खानोलकरांचे ‘एक शून्य बाजीराव’ असे प्रयोग तेथे झाले.

याच रंगायनात १९६७ साली ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ उभे राहिले. दिग्दर्शक अरविंद देशपांडे. लीला बेणारेच्या भूमिकेत सुलभा देशपांडे. बेणारे शाळेतील शिक्षिका आहे. खेळ म्हणून मांडलेल्या खटल्यात तिचे सहकारी पुरुष तिच्या खाजगी आयुष्याची चिरफाड करतात, तिला आरोपी ठरवितात, आणि ज्या पुरुषाचा त्यात तितकाच वाटा आहे तो मात्र हजर राहतच नाही. ‘आंधळ्यांची शाळा’तील सवालच चौतीस वर्षांनी पुन्हा विचारला गेला, आणि अधिक धारदार होऊन. सुलभाबाई स्वतः दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या. पुढे ‘आविष्कार’ संस्थेचे प्रयोग त्याच शाळेच्या सभागृहात होऊ लागले, आणि ‘चंद्रशाळा’ या बालनाट्याच्या शाखेतून सुलभाबाईंनी मुलांसाठी पुष्कळ काम केले. नाट्यचळवळीला नाव मिळाले ते एका शाळेचे, ही गोष्ट शिक्षकवर्गाने विसरू नये.

विजयाबाईंचे पुढील कार्य विस्ताराने सांगावयास स्वतंत्र भाषण लागेल. जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ यांच्या सहकार्याने ब्रेश्टच्या नाटकाचे ‘अजब न्याय वर्तुळाचा’ हे मराठी रूप त्यांनी सादर केले. जयवंत दळवींचे ‘बॅरिस्टर’, महेश एलकुंचवारांचे ‘वाडा चिरेबंदी’ ही नाटके त्यांनी बसविली. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’वरील दूरदर्शनपटाचे दिग्दर्शनही त्यांचेच, पतीच्या धर्मांतराने हादरलेली, आणि पुढे स्वतःच्या पायांनी चालत त्याच वाटेवर आलेली ती मराठी स्त्री त्यांनी सहानुभूतीने उभी केली. परंतु या इतिहासाच्या दृष्टीने दोन गोष्टी विशेष आहेत. ‘बॅरिस्टर’मध्ये नायकाची भूमिका विक्रम गोखले यांनी केली. ज्या दुर्गाबाई कामतांना नाटकात पाऊल टाकल्याबद्दल समाजाने दूर लोटले, त्यांच्या पणतूला एका स्त्रीने दिग्दर्शन केले. दुसरी गोष्ट अशी, की अनिल बर्वे यांच्या ‘हमीदाबाईची कोठी’ या नाटकाचे त्यांनी १९७८ साली दिग्दर्शन केले आणि कोठीवरच्या गायिकेची, हमीदाबाईची भूमिका स्वतः केली. ज्या गायिकेच्या वर्गातून हिराबाई आल्या होत्या, त्या वर्गाचे दुःख अखेर स्त्रीच्या मुखाने, स्त्रीच्याच दिग्दर्शनाखाली, आणि पूर्ण मानाने रंगमंचावर आले. शब्द मात्र या वेळी पुरुषाचे होते.

ती उरलेली उणीव सई परांजपे यांच्यासारख्यांनी भरून काढली. पुणे आकाशवाणीवरील कामाने ज्यांच्या कर्तृत्वास आरंभ झाला, त्या सईबाईंनी राष्ट्रीय नाट्यविद्यालयात शिक्षण घेतले, आणि ‘जास्वंदी’, ‘माझा खेळ मांडू दे’ अशी नाटके लिहिली, आणि नाटकांचे दिग्दर्शनही केले. लेखणी आणि सूत्र एका हाती आले. १९०४ पासून मोजले तर या प्रवासास सुमारे सत्तर वर्षे लागली.

सत्तर वर्षांच्या या हिशेबातून एक गोष्ट स्पष्ट होते. बुद्धीची उणीव कधीच नव्हती. १९१२ साली ‘दामिनी’ लिहिणाऱ्या हिराबाई आणि १९१६ साली ‘ट्रायफल्स’ लिहिणारी ग्लास्पेल या समकालीनच. एकीला आपल्याच नाटकात उभे राहता आले, दुसरीला नाही, एवढाच फरक. आणि तो फरक त्या दोघींच्या गुणांत नव्हता, भोवतालच्या माणसांच्या मनांत होता.

सुरत महानगरपालिकेच्या मराठी शाळांतून आज खानदेशच्या कष्टकऱ्यांच्या मुली शिकत आहेत. संमेलनाच्या दिवशी त्यांना नाच मिळतो, स्वागतगीत मिळते, फार तर एखादी छोटी भूमिका मिळते. नाटुकले बहुधा छापील पुस्तकातून घेतलेले असते आणि ते बसविणारे वडीलधारे असतात. कधी एखाद्या मुलीच्या वहीत चार संवाद लिहिलेले सापडले, तर ते तपासून बाजूस ठेवू नयेत. तिनेच ते लिहावेत, तिनेच मैत्रिणींना शिकवावेत, आणि तिनेच ते बोलावेत. पालशेतला जाऊन अज्ञातवासात मिटलेल्या एका लेखिकेचे ऋण याहून वेगळ्या रीतीने फिटणारे नाही.